काताचे पाठभेद कसे वाचावेत: सेसान, सांचिन आणि पिनानच्या वाटेने

नोकरीत बदली झाली, गाव बदललं आणि शोतोकान या कराटे-शैलीचा क्लास सुटला. नव्या गावात होता तो गोजू-र्यूचा (‘र्यू’ म्हणजे शैली) क्लास. मी तेव्हा ब्राऊन बेल्ट होतो, म्हणजे आपल्याला सगळं येतं असं वाटण्याच्या वयातला. पहिल्याच आठवड्यात तिथल्या सरांनी एका काताबद्दल, म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींच्या मालिकेबद्दल, विचारलं, ‘‘सेसान येतो का तुम्हाला?’’ म्हटलं, ‘‘नाही सर, आमच्याकडे हांगेत्सु असतो.’’ ते म्हणाले, ‘‘करा बघू.’’ मी तीन पावलं पुढे आलो, तीन अडवणुका केल्या, तीन उलट ठोसे मारले. त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘‘हाच तर सेसान. आता पुढे काय करता?’’

पुढे मी जे केलं ते त्यांच्या सेसानमध्ये कुठेच नव्हतं. कोणाचं बरोबर, हा प्रश्न घेऊन मी त्या दिवशी घरी आलो. तो प्रश्नच चुकीचा मांडला होता हे कळायला दोनेक वर्षं गेली. पोथ्यांच्या अभ्यासात ‘पाठभेद’ नावाची एक गोष्ट असते. एकाच ओवीचं एका प्रतीत एक रूप मिळतं, दुसऱ्या प्रतीत दुसरं. त्यातलं काही परंपरेने जपलेलं वेगळेपण असतं आणि काही नकलणाऱ्याची निव्वळ डुलकी असते. काताचंही अगदी तसंच आहे. वेगळेपण कुठलं आणि डुलकी कुठली, हे ओळखायची जी रीत मला उपयोगी पडली ती इथे पायरीपायरीने मांडतो. निदान एक काता नीट बसलेल्या, म्हणजे ग्रीन बेल्टच्या पुढच्या विद्यार्थ्यांसाठी हे आहे. त्याआधी या भानगडीत पडू नका, गोंधळच होईल.

पहिली पायरी: आधी आपली गुरुपरंपरा लिहून काढा

वहीचं पहिलं पान यासाठी ठेवा. आपले सर, त्यांचे सर, असं वर जाता जाता ओकिनावाच्या एखाद्या नावापर्यंत पोचायचं. मधली एखादी कडी सापडत नसेल तर जागा कोरी ठेवा, पण वरचं टोक बहुतेक वेळा सापडतं, कारण तिथे मोजकीच माणसं आहेत.

ओकिनावा हे र्युक्यू राज्याचं मुख्य बेट. 1879 मध्ये जपानने ते राज्य खालसा करून आपला एक प्रांत केला. शुरी ही राजधानी, नाहा आणि तोमारी ही तिच्या पायथ्याची बंदरं. कराटेच्या जुन्या प्रवाहांची शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते ही नावं वाचून तीन दूरदूरचे प्रदेश डोळ्यांसमोर येतात, पण ही तिन्ही ठिकाणं चालत जाण्याच्या टप्प्यात होती आणि आज तिन्ही नाहा शहरातच मोडतात. शिष्य इकडून तिकडे जात असत. त्यामुळे ‘हा काता शंभर टक्के शुरीचा’ अशी विधानं जरा जपूनच घ्यावीत.

शुरीकडचं मोठं नाव इतोसू आन्को, 1831 ते 1915. कराटे शाळेत नेलं ते यांनी. 1901 च्या सुमारास प्राथमिक शाळेत आणि 1905 मध्ये माध्यमिक शाळेत. पिनान मालिकेचे पाच काता त्यांनीच बसवले. त्यांच्या शिष्यांपैकी फुनाकोशी गिचिन यांनी 1922 मध्ये कराटे तोक्योला नेलं आणि त्यातून शोतोकान झाली. चिबाना चोशिन ओकिनावातच राहिले. त्यांची ती कोबायाशी शोरिन-र्यू. नाहाकडचे हिगाओन्ना कान्र्यो चीनच्या फुजियान प्रांतातल्या फुचौ शहरात शिकून आले. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांची गोजू-र्यू. माबुनी केन्वा इतोसू आणि हिगाओन्ना या दोघांकडेही शिकले आणि दोघांच्या नावांतलं एकेक चित्राक्षर घेऊन त्यांनी शैलीला शितो-र्यू असं नाव दिलं. उएची कानबुन 1897 मध्ये वेगळ्याच वाटेने फुचौला गेले, 1910 मध्ये परतले; त्यांची शैली 1940 पासून उएची-र्यू म्हणून ओळखली जाते. आणखी एक महत्त्वाचे क्यान चोतोकू. त्यांच्याकडे शुरी आणि तोमारी दोन्हींचं होतं.

जाता जाता एक गंमत. शोरिन-र्यूच्या तीन शाखा कोबायाशी, मात्सुबायाशी आणि शोबायाशी. तिघींची चित्राक्षरं वेगळी, पण चिनी वळणाने वाचली की तिन्हींचा उच्चार ‘शोरिन’च होतो. म्हणून कोणी नुसतं ‘मी शोरिन-र्यूचा’ म्हणाला तर ‘कुठल्या शोरिनचा?’ असं विचारायला लाजू नका.

दुसरी पायरी: नावांचा गुंता सोडवा

आपल्याकडे बरेच जण शोतोकानमधून येतात, त्यामुळे इथेच पहिली ठेच लागते. मुख्य भूमीवरच्या जपानी लोकांच्या जिभेवर रुळावीत म्हणून फुनाकोशींनी कातांची नावं बदलली. नाइहान्चीचा तेक्की झाला, पासाईचा बास्साई, कुसान्कूचा कांकू, चिंतोचा गांकाकू, वान्शूचा एंपी, सेसानचा हांगेत्सु. पिनानचा हेइआन झाला आणि तिथे एक अदलाबदलही झाली. शोतोकानचा हेइआन शोदान म्हणजे ओकिनावाचा पिनान निदान, आणि हेइआन निदान म्हणजे पिनान शोदान. हे माहीत नसताना दुसऱ्या शैलीच्या मित्राबरोबर सराव करायला गेलात तर पहिल्या हालचालीलाच एकमेकांकडे बघत राहाल.

नाहाकडच्या नावांत चिनी आकडे आहेत. सेसान म्हणजे तेरा, सेपाई अठरा, सान्सेरू छत्तीस, सुपारिंपेई एकशे आठ. या आकड्यांचा अर्थ काय यावर प्रत्येक क्लासमध्ये एक गोष्ट ऐकायला मिळते. ऐकून घ्या, वहीत मात्र नुसता आकडा लिहा. काताच्या हालचाली मोजून तो आकडा जुळवायच्या फंदात पडू नका. माझी एक अख्खी रविवार सकाळ त्यात गेली आहे.

तिसरी पायरी: एकच काता निवडा आणि त्याची वाट काढा

सगळे काता एकदम घेऊ नका. सुरुवातीला सेसान उत्तम, कारण तो शुरीकडेही आहे, गोजूतही आहे आणि उएचीतही आहे. इतक्या लांब पसरलेले काता थोडेच आहेत.

प्रत्येक रूपासाठी एक पान. पानावर आधी एम्बुसेन, म्हणजे चालण्याची रेषा काढायची. सुरुवातीच्या जागी टिंब, पुढे जाल तिथे बाण, वळाल तिथे छोटी चंद्रकोर, किआई, म्हणजे जोरात ओरडणं, असेल तिथे फुली. हाताचं अजून काहीही लिहायचं नाही. हे एवढं केलंत तरी निम्मं कोडं सुटतं, कारण काताचा सांगाडा हातांपेक्षा पायांत जास्त टिकून राहतो.

सेसानची पानं शेजारी ठेवली की पहिली गोष्ट दिसते ती सरळ पुढे जाणारी तीन पावलं आणि त्यानंतरचं वळण. क्यानच्या सेसानमध्ये मधल्या उंचीची अडवणूक आणि उलट ठोसा. हांगेत्सुमध्येही तेच, फक्त पाय लांब आणि चाल संथ. गोजूत आधी दोन्ही हातांची अडवणूक आणि मग सांचिन उभेपणात (ते पाचव्या पायरीत येईल) तीच जोडी. उएचीत मूठच नाही, बोटांचा भाला आहे, पण पावलं तीच. मधला भाग प्रत्येक घराण्यात आपापल्या दिशेने गेलेला दिसतो. आणि मग शेवट पाहा. हांगेत्सु मांजरपावलात, म्हणजे वजन मागच्या पायावर ठेवून, दोन्ही तळवे खाली पुढे ढकलून संपतो, गोजूचा सेसान मांजरपावलातच गोल फिरवलेल्या हातांनी. मधे सगळं वेगळं असून दारं दोन्हीकडे सारखीच.

चौथी पायरी: पायांपासून वर या

आता प्रत्येक थांब्यावर पाय कसे आहेत ते लिहा. उंची, रुंदी, वजन कुठल्या पायावर, बोटं कुठे वळलेली. शैलींमधला फरक सर्वांत आधी इथे सापडतो.

नमुन्यादाखल पिनान शोदानची पहिली हालचाल घ्या. कोबायाशीत डावीकडे वळून नेकोआशी-दाची, म्हणजे मांजरपाऊल. जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर, पुढच्या पायाचा चवडा टेकलेला, टाच उचललेली. तीच हालचाल हेइआन निदानमध्ये कोकुत्सु-दाचीत येते. लांब, खोल, दोन्ही टाचा जमिनीला, वजन साधारण सत्तर-तीस. पुढे एका जागी ओकिनावाच्या पिनानमध्ये साधी समोरची लाथ आहे, तर शोतोकानमध्ये बाजूची. हे बदल आकाशातून पडलेले नाहीत. विद्यापीठांतल्या तरुण पोरांनी तोक्योत कराटे उचललं, उभेपण खाली गेलं, पल्ला वाढला.

नाइहान्चीतही तेच दिसतं. ओकिनावात उभेपण उंच आणि आखूड, तेक्कीमध्ये किबा-दाची रुंद, बसकी. शिवाय बहुतेक ठिकाणी हा काता उजवीकडे सुरू होतो आणि इश्शिन-र्यूत डावीकडे. एवढंच पाहून ‘उलटं शिकलाय’ म्हणणारे लोक भेटतात. अख्खी शैली सुसंगतपणे एक गोष्ट करत असेल तर तो पाठभेद. एकटा पोऱ्या करत असेल तर ती चूक.

पाचवी पायरी: सांचिनवर जास्त वेळ घाला

सेसान गोजू किंवा उएचीच्या अंगाने समजून घ्यायचा तर सांचिनला पर्याय नाही. दोन्ही घराण्यांचा पाया तोच आहे. आणि पाठभेद म्हणजे काय हे अंगाला कळवणारा याच्याइतका चांगला काता मला तरी दुसरा भेटला नाही.

आधी उभे राहा. घरातल्या फरशीचा सांधा वापरा. दोन्ही पायांत रुंदीचं अंतर खांद्याइतकं. उजव्या पायाची टाच सांध्यावर ठेवा, डाव्या पायाचा अंगठा मागून त्याच सांध्याला टेकला पाहिजे. एवढंच अंतर. पुढच्या पायाची बोटं किंचित आत. गुडघे थोडे वाकलेले आणि आतल्या बाजूला दाब. आता कंबर खाली आत ओढा, पाठीचा खालचा बाक जाईल. पाऊल टाकताना पाय सरळ नेऊ नका; आतून चंद्रकोरीसारखा घासत न्या, डोकं वरखाली होऊ देऊ नका. डोक्यावर पातळसं पुस्तक ठेवून तीन पावलं चाला. पडलं की पहिल्यापासून. आमच्याकडे हा प्रकार आठवडाभर चालला होता आणि घरच्यांनी हसून घेतलं होतं.

पाय बसले की दोन्ही रूपं आळीपाळीने करा. गोजूत दोन्ही मुठी खांद्याच्या उंचीला, कोपरं बरगड्यांपासून मूठभर अंतरावर. एक मूठ सावकाश मागे ओढायची, सावकाश ठोसा, मग तोच हात गोल फिरून अडवणुकीच्या जागी परत. नाकाने श्वास आत, तोंडाने लांब बाहेर आणि तो ऐकू येतो. उएचीत हात उघडे. कोपरं तशीच आत, पण बोटं पुढे रोखलेली. हात मागे येतो आणि भाल्यासारखा सुटतो. श्वास आखूड, जवळजवळ न ऐकू येणारा, हालचालीमागे फरफटत न जाणारा.

गोजूच्या आतच पुन्हा दोन सांचिन आहेत. हिगाओन्नांकडून आलेल्या रूपात मागे वळणं आहेत. मियागींनी बसवलेल्या रूपात वळणच नाही. पुढे जायचं आणि तोंड तिकडेच ठेवून मागे यायचं. कोणाकडून ‘सांचिनमध्ये वळण असतं’ आणि कोणाकडून ‘नसतं’ असं ऐकलंत, तर दोघंही खरं बोलत असतात.

दहा-दहा वेळा केल्यावर अंग कुठे दुखतं ते लिहा. मला गोजूच्या रूपानंतर पोटाचा खालचा पट्टा आणि पाठीचे पंख जाणवले, उएचीच्या रूपानंतर दंडाची आतली बाजू आणि बोटं. हे तुमच्या बाबतीत वेगळं असू शकेल. पण नुसत्या डोळ्यांनी व्हिडिओ पाहून ही माहिती मिळत नाही.

दोन इशारे. श्वास कोंडून जोर लावू नका. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी गोजूचा ताणलेला सांचिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि शिमे, म्हणजे सांचिन चालू असताना खांद्यांवर, मांड्यांवर थापट्या मारून ताण तपासणं, हे अनुभवी सेन्सेईंचं काम आहे. मित्रामित्रांनी व्हिडिओसाठी करायचा खेळ नाही.

सहावी पायरी: बुंकाईच्या कसोटीवर घासा

बुंकाई म्हणजे काताच्या हालचालीचा अर्थ जोडीदारावर करून बघणं, म्हणून आता जोडीदार लागेल. जिथे दोन रूपं फुटतात ती एकच जागा घ्या आणि ‘समोरच्याने काय केलं म्हणून मी हे करतोय?’ हे दोन्ही रूपांना विचारा.

गोजूच्या सेसानमध्ये वळल्यानंतर गुडघ्याच्या उंचीला मारलेली कान्सेत्सु-गेरी येते, सांधा मोडणारी लाथ. ती लागायची तर समोरचा माणूस हाताच्या अंतरावर, किंबहुना धरलेलाच हवा. हांगेत्सुच्या लांब पायांनी तिथे उभे राहून बघा. लाथेला जागाच उरत नाही. म्हणजे उभेपण आणि तंत्र एकमेकांना बांधलेले आहेत. म्हणूनच एका घराण्याचे पाय आणि दुसऱ्याचे हात अशी खिचडी शिजत नाही. माझी शिजली होती, ती परीक्षेत. गोजूच्या सेसानमध्ये मी नकळत हांगेत्सुची लांब पावलं टाकली, वळताना तोल गेला आणि पुढची लाथ हवेत. त्या दिवशी मला पट्टा मिळाला नाही. योग्यच झालं.

उलट अनुभवही येतो. नुसतं पाहताना ‘दिखाऊ’ वाटलेली हालचाल जोडीदारावर करून पाहिली की एकदम चपखल बसते. उएचीतला शोकेन, म्हणजे तर्जनीचं मधलं पेर पुढे काढून मारलेला फटका, आणि सोकुसेन, म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या टोकाने मारलेली लाथ, हे दोन्ही मला अतिशयोक्त वाटत. जोडीदाराने शोकेन नुसता बरगड्यांच्या मधे टेकवला आणि माझं मत बदललं.

सातवी पायरी: चूक की पाठभेद?

वहीतल्या प्रत्येक फरकासमोर आता एक खूण करायची. मी तीन प्रश्न विचारतो. ही गोष्ट त्या शाखेच्या निदान दोन वेगवेगळ्या शिक्षकांच्या हातून दिसते का? तिला निभावणारी बुंकाई आहे का? आणि त्याच काताच्या आधीच्या-नंतरच्या हालचालींशी ती जुळते का? तिन्हींना हो, तर पाठभेद. तिन्हींना नाही, तर बहुधा डुलकी. मधल्यांपुढे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा.

पाठभेद का पडले याची कारणं एकदा लक्षात घेतली की भांडायची हौस आपोआप कमी होते. शिक्षकाने वयाच्या तिशीत शिकवलेला काता आणि साठीत शिकवलेला काता एकच नसतो. इतोसूंनी शाळकरी मुलांसाठी घाव बोथट केले. हिगाओन्नांचेच दोन शिष्य मियागी आणि क्योदा जुहात्सु, पण क्योदांच्या तोओन-र्यूतला सान्सेरू गोजूच्या सान्सेरूपेक्षा वेगळा. आणि त्यावर 1945 ची ओकिनावाची लढाई. मियागींचे पट्टशिष्य शिंझातो जिनआन युद्धात गेले. क्यानही त्याच वर्षी गेले. लेखी फारसं नव्हतंच. जे होतं ते माणसांच्या अंगात होतं आणि वाचलेल्या माणसांनी आपापल्या आठवणीतून पुढे दिलं.

म्हणून ‘मूळ, अस्सल काता’ विकणाऱ्यांपासून सावध राहा. एका दिवसाच्या शिबिरात, प्रमाणपत्रासकट मूळ काता मिळत नसतो.

आठवी पायरी: सरावाचं वेळापत्रक

एका दिवशी एकच रूप. सोमवार-बुधवार आपल्या क्लासचं, शनिवारी दुसरं. शनिवारच्या सरावाच्या शेवटी आपलं मूळ रूप एकदा सावकाश करून मगच घरी जायचं, नाहीतर पाय रात्रभर दुसऱ्याच घरी राहतात. व्हिडिओ काढाल तर दोन कोनांतून काढा, समोरून आणि बाजूने. समोरून उभेपणाची लांबी कळत नाही.

आपल्या सरांना आधी सांगा. लपवून शिकलेलं पावलांतून दिसतंच. बहुतेक सर अडवत नाहीत; परीक्षेच्या आधीचे दोन महिने मात्र बाहेरचं बंद ठेवायला सांगतात आणि ते ऐकावं.

स्पर्धेचं गणित वेगळं. जागतिक कराटे महासंघाच्या यादीत हांगेत्सु आणि सेसान ही दोन स्वतंत्र नावं आहेत. पंचांना जे नाव सांगाल तेच रूप करायचं. शैलीनुसार येणारे पाठभेद नियमांना मान्य आहेत, घरी केलेली मिसळ नाही. पाहायचंच असेल तर तोक्यो ऑलिंपिकमधली, ऑगस्ट 2021 ची पुरुषांची अंतिम फेरी पाहा. ओकिनावाच्या किउना र्यो यांनी नाकाइमा घराण्यात जपलेल्या र्युएई-र्यूचा ओहान दाई करून सुवर्णपदक घेतलं. आधी आवाज बंद करून फक्त पाय बघा, एम्बुसेन काढा. मग पुन्हा पहिल्यापासून, आवाजासकट, श्वास ऐकत.